माळ गळ्यात, बाटली उशाला

१

सृष्टीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. एप्रिलातला मुहूर्त, देवळालीच्या शिवारात मांडव, आणि ऊन असं की अक्षता हातातच भाजाव्यात. त्या लग्नात जेवायला काय होतं हे आता कुणाला आठवत नाही. आठवतो तो नवरीचा चुलता गोरक्षनाथ. बँड वाजायला लागला तशी त्यानं गळ्यातली तुळशीची माळ काढली, कपाळाला लावली, मांडवाच्या मेढीला अडकवली, आणि मागच्या उसात जाऊन पिऊन आला. मग मंगलाष्टकं चालू असताना तो व्याह्याच्या अंगावर जो कोसळला, तो व्याह्याला आणि आहेराच्या भांड्यांना घेऊनच खाली गेला.

गावाला यात नवं काही नव्हतं. दारू सुटावी म्हणून आईनं त्याला गावच्या कीर्तनकार महाराजांच्या हातून माळ घालायला लावली होती. माळ गळ्यात असेपर्यंत गोरख थेंबाला शिवत नसे. प्यायची झाली की माळ आधी खुंटीला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कान धरून, पुन्हा गळ्यात. "माळ खुंटीवर, माळकरी गुत्त्यावर," असं पोरं त्याला चिडवत. बायको याच पायी माहेरी गेली ती परतली नव्हती.

लग्नाचा मांडव निघाला आणि थोरल्या भावानं, नवरीच्या बापानं, भागवतनं, त्याला गाडीत घालून सोनईच्या पुढं माळरानावरच्या 'किरणमळा' व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवला. तीन महिने आत राहायचं, घरच्यांनी रविवारी येऊन भेटायचं, असा तिथला नेम.

मे महिन्यातल्या एका सोमवारी दिवस मावळताना केंद्रातून फोन आला. तुमचा पेशंट दुपारी पळाला होता. आता ओढ्याकाठी बाभळीखाली मेलेला सापडलाय. उशाशी देशीची बाटली होती आणि शर्ट दारूनं भिजलेला. बघ्यांतल्या कुणीतरी फोटो काढला. सरणावर चढायच्या आधी गोरख गावभर मोबाईलवर फिरून आला.

महाराजांनीही तो फोटो पाहिला. "माळ गळ्यात ठेवून प्यायला," ते पारावर सगळ्यांदेखत म्हणाले. "याच्या दहाव्याला मी प्रवचनाला उभा राहणार नाही."

गोरखची आई छबूबाई रडल्या नाहीत. त्यांनी कोपरगावला भावाला, कारभारींना, निरोप धाडला.

कारभारी हे कोर्टाचे निवृत्त बेलीफ. जन्मभर समन्स घेऊन नको त्या वेळी लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस. "ते घरात नाहीत" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडाकडं न बघता उंबऱ्याजवळच्या चपलांकडं बघायची त्यांना सवय होती. ते आले, बहिणीजवळ बसले, पाणी प्याले.

"दादा, फोटू बघितला का?" छबूबाईंनी विचारलं.

"बघितला."

"समदे म्हनत्यात, प्यायलेला हुता. मी बाटली न्हाई बघितली. मी त्याचा गळा बघितला. माळ हुती."

"व्हय, हुती."

"मग बाटली कुनाची?"

२

किरणमळ्याला उंच भिंत होती आणि भिंतीवर काचा. मुख्य इमारतीमागं एक पत्र्याची खोली. फाटकावर हसऱ्या सूर्याचं चित्र होतं आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांमधून कडीचे बोल्ट बाहेर आलेले.

संचालक ओम सर तरुण, इस्त्रीतला, पुण्याच्या बोलीचा. आवाज असा की साखर घालायची गरज नाही.

"काका, आम्हालाही धक्का बसलाय. सोमवारी मी नगरला मीटिंगमध्ये होतो, सकाळपासून. कुणालाही विचारा. गोरक्षनाथ सोमवारी दुपारी वरण-भात-पोळी व्यवस्थित जेवले आणि सोमवारीच, सगळे आराम करत असताना, भिंतीवरून गेले. व्यसन माणसाला ओढून नेतं, काका."

"माळ कशी गेली संगं?"

"माळ?"

"भागवत म्हनला, तुमी आत घेताना माळ, करदोटा, पट्टा, समदं काढून घेता."

"घेतो. कोणी फास लावून घेऊ नये म्हणून. कपाटात ठेवतो." ओम सरांनी क्षणभर बाहेर पाहिलं. "घेतली असेल त्यांनी कपाटातून. चावी ज्ञानेश्वरकडे असते. आणि एक माझ्याकडे."

ज्ञानेश्वर आतल्या लोकांवर लक्ष ठेवणारा. आधी इथलाच पेशंट, मग इथलाच रखवालदार. अंगानं पैलवान, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ, कपाळाला बुक्का. सगळे त्याला माऊली म्हणत.

"कपाट फोडलं का रं गोरखनं?" कारभारींनी विचारलं.

"न्हाई, बाबा. कपाट धड हाय." माऊली खाली बघत होता. "लई गुनी मानूस हुता. माळ काढली तरी नेम न्हाई सोडला. एकादशीला माझी अन् त्याची भगर एकाच पातेल्यात शिजायची."

"माऊली, आत बघा जरा," ओम सर म्हणाले. माऊली गेला. सरांनी आवाज खाली आणला. "काका, आपल्यातलं म्हणून सांगतो. आमचा कंपाउंडर शलमोन, औषधं-इंजेक्शनं तो देतो. सोमवारी सकाळी त्यानं गोरक्षनाथना काही जास्त दिलं असेल तर मला माहीत नाही. मी इथे नव्हतो."

कारभारी फाटकाबाहेर आले. पळून जाणाऱ्या माणसाला कपाटाची चावी कशी मिळाली? आणि न विचारता 'सोमवार' एवढ्या वेळा का सांगावा लागला? कोर्टात ते एक गोष्ट शिकले होते. जो माणूस मागितल्याशिवाय साक्षीदार पुढं करतो, त्याचा साक्षीदार नव्हे, वार तपासावा.

३

भागवत गाडीत बसून होता. आत यायला त्यानं नकार दिला होता. परतताना तो सारखा घाम पुसत होता.

"मामा, आता पुरे करा. गेला तो सुटला."

"पोस्टमॉर्टम नको म्हनून तू आडला हुतास म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"तुझी आई."

भागवतनं गाडी बाजूला घेतली. "मामा, माझ्या पोरीचं नवं सासर हाय. रोज व्याह्याचा फोन येतो. आनखी किती तमाशा करू? मीच त्याला हितं आनला. मीच म्हनलो ओम सरला, बोंबलला तरी सोडू नका. आता म्हना, भावानं मारला."

"मी काय म्हनलो का?"

"डोळं म्हनत्यात तुमचं."

कारभारींना संशय सगळ्यांचाच होता. रक्ताचा म्हणून भागवतला त्यांनी सूट दिली नव्हती. घराची लाज राखायला लोक काय काय करतात हे त्यांनी दारोदार पाहिलं होतं.

"शेवटचा कवा भेटलास त्याला?"

"आदल्या रविवारी. म्हनला, दादा, हितं मारत्यात, मला ने. मला वाटलं, सुटायचा बहाना. या रविवारी, फोन यायच्या आदल्या दिवशी, मी अन् आई गेल्तो तर भेटूच दिलं न्हाई. ओम सर सोता फाटकाशी आले. म्हनले, आज त्याची मनःशांतीची बैठक हाय, आवाज देऊ नका. आई तरी हाका मारीत हुती, 'गोरख, आरं मी आलेय.' लई येळ. मग ऊन लागाय लागलं तवा मी तिला वढीतच गाडीत बसवली."

"आतनं काय आवाज आला?"

भागवतनं आठवून पाहिलं. "आला हुता. कुनीतरी एकदाच वरडलं. सर म्हनले, नवा पेशंट हाय. मग आवाज बंद झाला."

४

शलमोन सोनईत चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचा. दार अर्ध्यावर उघडून तो उभा राहिला.

"मला काही ठाऊक नाही, काका."

"मी इचारलंच न्हाई अजून."

"तुम्ही त्यांचे मामा. सर म्हणाले, तुम्ही माझ्यावर केस करणार."

"सर म्हनले व्हय? मला तर म्हनले, तुमी इंजेक्शन जास्त दिलं."

शलमोनचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल. दार पूर्ण उघडलं. त्याच्या बायकोनं, लिडियानं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती नवऱ्याशेजारीच उभी राहिली. "बोला आता," ती म्हणाली. "त्या माणसासाठी तोंड शिवून घ्यायचं होतं ना तुम्हाला!"

"सोमवारी मी त्याला सुई टोचलीच नाही," शलमोन म्हणाला. "टोचणार कशी? मला तो दिसलाच नाही. सकाळी गोळ्या द्यायला गेलो तर माऊली म्हणाला, झोपलाय, उठवू नका. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप. आणि उंबऱ्यातून फिनेलचा वास. त्या खोलीत कधी झाडूसुद्धा फिरत नाही, काका. जो आवाज करतो त्याला तिथं खाटेला बांधतात. मेमध्ये पत्रा असा तापतो की हात लावला तर कातडी निघेल."

"दुपारी जेवायला वाढताना बघितला?"

"मी नाही पाहिला. दुसऱ्या कुणी पाहिला असं कुणी छातीला हात लावून म्हणालेलं ऐकलं नाही. सगळे म्हणतात, माऊलीनं सांगितलं."

"आन रविवारी?"

"रविवारी मी तिथं नसतोच," शलमोन म्हणाला. "रविवारी आमची उपासना. नोकरी धरली तेव्हाच ठरवून घेतलं होतं. मी तबला वाजवतो. अख्ख्या मंडळीला विचारा."

"तबला लई जोरात वाजवतात," लिडिया म्हणाली. "लपून राहणारे नाहीत ते."

कारभारींना हसू आलं, पण टिकलं नाही. सोमवारी गोरखला जिवंत पाहिलं म्हणणारा एकच माणूस होता, माऊली, आणि त्याच्याच हातात कपाटाची चावी होती.

५

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर, संस्कृती नाव तिचं, नवीन होती आणि थकलेली होती. अहवाल पोलिसांना दिलाय, व्हिसेरा तपासणीला गेलाय, महिने लागतील, असं तिनं सांगितलं.

"दारू किती हुती तेवढं सांगा. त्याची आई इचारती."

"तेच तर तपासणीतून कळेल. कपड्यांवर इतकी ओतलेली होती की वासावरून काही सांगणं चुकीचं ठरेल."

'ओतलेली' या शब्दावर कारभारींनी मान वर केली. डॉक्टरणीलाही तो शब्द निसटल्यासारखा वाटला असावा. तिनं पेन खाली ठेवलं.

"किती वाजता मेला?"

"सोमवारचं ऊन, उघड्यावर पडलेलं शरीर. नुसत्या शरीरावरून दिवस सांगायचं धाडस मी करणार नाही. जेवणानंतर लवकरच गेले, एवढं नक्की. पोटातलं अन्न जवळपास जसंच्या तसं होतं."

"वरन-भात-पोळी?"

"नाही. पोळीचा तुकडासुद्धा नव्हता. मला आधी भातच वाटला, पण बारीक होता. भगर. आणि शेंगदाण्याचा कूट. आमच्या घरी आजी करते, म्हणून ओळखली. का हो? काका, बसा ना, काय झालं?"

कारभारी भिंतीला टेकले होते. भिंतीवर औषध कंपनीची दिनदर्शिका लटकत होती. तिच्याकडं बघायची त्यांना गरज नव्हती. रविवारी एकादशी होती. सोमवारी बारस. आणि बारशीला माळकरी उपास सोडतो, भगर खात नाही.

६

दुसऱ्या दिवशी ते किरणमळ्यात गेले ते ठाण्याच्या फौजदाराला घेऊनच. भागवतला त्यांनी हाताला धरून आत आणला. शलमोन आपणहून आला. ओम सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. त्याला कुणी हात लावला नाही.

"सर," कारभारी म्हणाले, "मी अडानी मानूस, चुकलं तर सांगा. तुमी म्हनता गोरख सोमवारी पळाला आन पिऊन मेला. आमचा गोरख दारुडा हुता, त्यात काय लपवायचं? पर त्याची रीत गावाला ठावी हाय. माळ काढल्याबिगर त्यानं कधी बाटली धरली न्हाई. त्याला प्यायची असती तर माळ कपाटातच ऱ्हाऊ दिली असती. उलट बरंच झालं असतं. इथं तर माळ गळ्यात आन दारू शर्टावर. पिनारा शर्टाला पाजत न्हाई."

"काका, हा तुमचा अंदाज झाला."

"झाला. म्हनून पुढं बघा. त्याच्या पोटात भगर निघाली. सोमवारी बारस. तुमच्यात कोन भगर खातं बारशीला? तो मेला तो रविवारी, भगर पोटात असतानाच. सोमवारी कुनी जेवलं न्हाई, कुनी पळालं न्हाई. मग सोमवार का सांगितला? कारन सोमवारी तुमी नगरला हुता आन शलमोन हितं. रविवारी शलमोन चर्चमधी हुता आन तुमी हितं."

शलमोननं डोळे मिटून घेतले. ओम सर फौजदाराकडं वळले. "साहेब, हे म्हातारे गृहस्थ दुःखात आहेत..."

"हाय ना दुःखात," कारभारी म्हणाले. "तरी एक कोडं ऱ्हातंच. तुमाला दारुडा दाखवायचा हुता. तुमी माळ कशाला घालाल? ती तर तुमच्याच गोष्टीचा गळा कापती. शलमोनच्या ध्यानात ती यायची न्हाई. मढ्याला माळ घालनारा असा हवा, ज्याला बिनमाळेचा माळकरी उघड्यावर टाकायचं धाडस झालं न्हाई. आन ज्याच्याकडं चावी हाय."

खोलीतल्या सगळ्यांनी दाराशी उभ्या माऊलीकडं पाहिलं. माऊलीनं दोन्ही हात आपल्या माळेवर ठेवले होते.

"त्यांनी सांगितलं, बाटली वत, उशाशी ठेव," तो म्हणाला. आवाज त्याच्या अंगाला शोभत नव्हता, इतका बारीक. "मी वतली. पर बाबा, एकादशीचं मरन. दोघं एका पातेल्यातलं जेवलेलो. बिनमाळेचा कसा टाकू त्याला? नरकात तरी कोन जागा देईल मला?"

"माऊली, गप्प बस!"

"आता न्हाई गप बसत. आईची हाक आयकली न् तो उठला. म्हनला, माझी आई आलीय. दाराकडं पळाला. सर म्हनले, बांधा. पत्र्याच्या खोलीत मी बांधला, माझ्या या हातांनी. तो वरडला एकदा. सुई द्यायला शलमोन नव्हता. मग सरांनी टॉवेल कोंबला तोंडात. म्हनले, पाहुनं जाईपर्यंत ऱ्हाऊ दे. पाहुनं गेलं तवा मी सोडाय गेलो."

टॉवेल काढला तेव्हा गोरखचा श्वास थांबलेला होता. आजवर एकही पेशंट केंद्रात दगावला नाही असं ओम सर प्रत्येकाच्या घरच्यांना सांगत असत. तो बोल खरा राहावा म्हणून गोरखला दुसऱ्या दिवशीच्या भर दुपारच्या शुकशुकाटात टेम्पोतून ओढ्यावर नेऊन ठेवला होता.

भागवत भिंतीशी खाली बसला. "मी म्हनलो हुतो, बोंबलला तरी सोडू नका," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कारभारींनी त्याला उठवला नाही, झिडकारलाही नाही. ते त्याच्या शेजारी उभे राहिले.

७

छबूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. दहाव्याचं दळण. कारभारी समोर बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या हातात नको असलेले कागद ठेवले होते, पण इतकं जड त्यांना कधी गेलं नव्हतं.

"प्यायलेला नव्हता, छबू. थेंबभर न्हाई."

छबूबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग म्हणाल्या, "कवा गेला?"

"रविवारी."

"मी गेल्ते तवा?"

कारभारींना खोटं बोलता आलं असतं. बहीण होती, म्हातारी होती. पण खोट्यानंच इतके दिवस तिचा लेक बाभळीखाली पडून होता.

"व्हय. तुझी हाक आयकली त्यानं. तुझ्याकडंच येत हुता."

छबूबाई सूप बाजूला सारून उठल्या. "मग दहावा परवा न्हाई. उद्या धरायचा. भागवतला सांग, समद्यांना फोन कर. न्हाव्याला सांग."

महाराज त्याच दिवशी आले, ओशाळलेले. म्हणाले, "माई, माझी चूक झाली. उद्या मी उभा राहतो. ज्ञानाची, वैराग्याची चार वचनं सांगतो."

"वचनं नकोत, म्हाराज," छबूबाई म्हणाल्या. "तुमी पारावर गावासमोर बोलला. आता घाटावर गावासमोर येवढंच सांगा, माझा ल्योक प्यायलेला नव्हता. त्याचं नाव घ्या, दिवस सांगा आन खाली बसा."

मंगळवारी प्रवरेच्या घाटावर गाव जमलं. सृष्टीचा सासरा आला होता. शलमोन आणि लिडिया मागं झाडाखाली उभे होते. ओम आणि ज्ञानेश्वर तेव्हा कोठडीत होते आणि किरणमळ्यातले बाकीचे लोक आपापल्या घरी पोचले होते. पुढं पावसाळा सरल्यावर तपासणीचा अहवाल आला, त्यात दारू निघाली नाही. पण छबूबाई त्या कागदासाठी थांबल्या नव्हत्या.

महाराज उभे राहिले. हात जोडले. छबूबाईंनी सांगितलं होतं तेवढंच बोलले आणि खाली बसले.

गोरक्षनाथ भानुदास गाडेकर वारला तो वैशाख शुद्ध एकादशीला, रविवारी, एकोणीस मे दोन हजार चोवीस रोजी.